घराला जाग असू द्या

'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आपण सर्वांनी बालपणी ऐकलेली आहे. गोठ्याला लावावयाच्या कामट्यांच्या दाराला झोपा म्हणतात, हे आज शहरातील मुलांना समजावून सांगावे लागते. परंतु त्या म्हणीतले शहाणपण मात्र जुने झालेले नाही. शेजारी घरफोडी झाली की आळीतला प्रत्येक गृहस्थ नवे कुलूप आणावयास धावतो. आठ दिवस सारी आळी जागी असते, नवव्या दिवशी पुन्हा निर्धास्त झोपी जाते. चोराला नेमका हा नववा दिवस हवा असतो.

चेन्नईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या विषयाचा विचार थोडा अधिक करावा लागतो. तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून तमिळ देशात स्थिरावलेली मराठी घराणी तर येथे आहेतच. त्यांखेरीज नोकरी-व्यवसायासाठी आलेली कितीतरी कुटुंबे आज वेलाचेरी, तांबरम, अण्णानगर अशा वस्त्यांत नांदत आहेत. गणपतीस किंवा मे महिन्याच्या सुटीत गावी जावयाचे, तर मुंबईपर्यंतच आगगाडीने जवळजवळ एक दिवस जातो. म्हणजे घर बंद झाले की ते आठ-पंधरा दिवसांसाठी बंद होते. तमिळ शेजाऱ्यांची गोष्टही निराळी नाही. पोंगल आणि दीपावली या सणांना अर्धे शहर आपापल्या गावी निघून जाते आणि रस्तेच्या रस्ते कुलूपबंद होतात. तेव्हा पुढे जे सांगावयाचे आहे ते चेन्नईच्या निमित्ताने असले, तरी पुण्या-नागपूरच्या वाचकांनाही ते सारखेच लागू आहे.

कायद्याने दाखविलेल्या सहा वाटा

चोर घरात कोणत्या मार्गाने शिरतो, हे जाणण्यासाठी चोराकडे जाण्याचे कारण नाही; कायद्याचे पुस्तक उघडले तरी पुरे. १८३४ च्या जून महिन्यात थॉमस मेकॉले मद्रासच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये जो मसुदा सादर केला, त्यातून पुढे १८६० चा भारतीय दंडविधान कायदा झाला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. पण घरफोडीची व्याख्या तिच्या ३३० व्या कलमात जवळजवळ जुन्याच शब्दांत कायम राहिली आहे. त्या व्याख्येत घरफोडीच्या सहा वाटा सांगितल्या आहेत. त्या वाचताना आपण कायदा वाचीत नसून आपल्याच घराची पाहणी करीत आहो, असे वाटू लागते.

पहिली वाट म्हणजे चोराने स्वतः पाडलेले भगदाड. 'मृच्छकटिक' नाटकातील शर्विलक हा या कलेचा शास्त्रीच होता. जानव्याचा मापनदोरा करून त्याने चारुदत्ताच्या भिंतीला खिंडार पाडले. पण त्या प्रसंगातील खरी मौज पुढेच आहे. दागिन्यांचा डबा शर्विलकाला शोधावा लागला नाही. स्वप्नात बरळणाऱ्या मैत्रेयाने मित्रच समोर आहे अशा समजुतीने तो आपल्या हाताने चोराच्या स्वाधीन केला! देवलांच्या लेखणीतून हे नाटक मराठी रंगभूमीवर आले, तेव्हापासून प्रेक्षक या प्रसंगाला हसत आले आहेत. गृहस्थाने हसावे आणि थोडा बोधही घ्यावा. भिंत कितीही भक्कम असो, घर झोपलेले असेल तर भिंतीचा उपयोग नाही.

दुसरी वाट म्हणजे माणसाच्या येण्याजाण्यासाठी नसलेली जागा, किंवा भिंत चढून केलेला प्रवेश. मैलापूर आणि तिरुवल्लिक्केणी येथील जुन्या घरांत मधोमध आकाशाला उघडा असा चौक असे. घरे एकमेकांस लागून असल्यामुळे एका गच्चीवरून दुसरीवर जाणे सोपे. म्हणून शहाणी माणसे त्या चौकावर लोखंडी गजांची जाळी घालीत. आजच्या सदनिकांत चौक राहिला नाही, परंतु न्हाणीघराच्या खिडकीतील काचेच्या पट्ट्या तशाच आहेत. त्या बाहेरून एकेक करून उचलून काढता येतात आणि सडपातळ माणूस त्या जागेतून सहज आत येतो. पुढील दाराला तीन कुलपे लावणाऱ्या कितीतरी घरांत या खिडकीला एक गजही नसतो. सांडपाण्याच्या नळावरून चढून ती गाठता येते की नाही, हे एकदा घराच्या मागील बाजूस उभे राहून प्रत्येकाने पाहावे.

तिसरी वाट म्हणजे घरमालकाने ज्या रीतीने दार उघडले जावे असे योजिले नाही, त्या रीतीने उघडलेले दार. भोकातून तार घालून आतली खिट्टी उचलणारा चोर कायद्याने उदाहरणादाखल दिलेला आहे. चेन्नईत बहुतेक सदनिकांना लाकडी दाराच्या बाहेर लोखंडी जाळीचे दार असते. वारा यावा म्हणून आतले दार उघडे ठेवून केवळ जाळीचे दार लावण्याची रीत आहे. त्याची कडी जाळीतून हात घालून काढता येत असेल, तर ते दार असून नसल्यासारखेच. कडीभोवती पत्र्याचा आडोसा बसविण्यास फारसा खर्च येत नाही.

चौथी वाट कुलूप उघडण्याची. येथे कायद्याने दिलेले एक उदाहरण फार बोलके आहे. हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून कोणी वाईट हेतूने आत गेला, तर तीही घरफोडीच होय. याचा व्यावहारिक अर्थ असा की, किल्ली हरवली की नुसती नवी किल्ली करून घेऊ नये, कुलूपच बदलावे. भाड्याच्या घरात नव्याने राहावयास जाताना तर हे अवश्य करावे. आधीच्या भाडेकऱ्यांनी किती किल्ल्या करून घेतल्या होत्या, हे कोण सांगणार? आणि फुलझाडाची कुंडी, विजेच्या मीटरची पेटी, दारापुढील चपलांची मांडणी या जागा घरच्यांइतक्याच चोरालाही ठाऊक असतात.

पाचवी वाट बळाची किंवा धाकाची. दारात उभ्या असलेल्या माणसाला ढकलून आत शिरणे. दुपारी एकट्या असणाऱ्या वृद्धांना याच वाटेचे भय अधिक. नळ तपासावयास आलो, गॅस पाहावयास आलो, असे सांगणाऱ्या अनोळखी माणसासाठी दार उघडण्यापूर्वी दारातील भिंगातून पाहावे, साखळी लावूनच बोलावे आणि ज्या कार्यालयाचे नाव तो सांगतो तेथे दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. खरा कर्मचारी दोन मिनिटे थांबतो. खोट्याला थांबण्याची घाई सोसत नाही.

सहावी वाट म्हणजे बंद केलेले दार किंवा खिडकी उघडून जाणे अथवा येणे. येथे 'येणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. आत शिरण्याची वाट अरुंद असली तरी चोर आतून मागील दाराची कडी काढून आरामात बाहेर पडतो. म्हणून मागील दारालाही आतून किल्लीचे कुलूप असावे. मात्र घरात माणसे असताना त्याची किल्ली चटकन हाती येईल अशी ठेवावी, कारण आग लागली तर तेच दार आपल्याही सुटकेचे असते.

या सर्व वाटांसंबंधी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चोराचा संबंध देह घरात आलाच पाहिजे असे नाही. भोकातून नुसता हात आत आला तरी कायद्याच्या दृष्टीने प्रवेश झाला. मे महिन्यात चेन्नईत 'अग्नी नक्षत्रम्' म्हणतात तो कडक उन्हाळ्याचा काळ असतो. तेव्हा खिडक्या सताड उघड्या टाकून माणसे खिडकीलगतच झोपतात, उशाशी घड्याळ, पैशाची पिशवी आणि फोन असतो. गजातून आत येणारी काठी किंवा हात यांना एवढे पुरते. खिडकी उघडी ठेवावी, वारा अवश्य घ्यावा; फक्त मोलाची वस्तू खिडकीपासून दूर ठेवावी.

कुलूप आणि कोयंडा

कुलपाच्या बाबतीत आपण भारतीय भाग्यवान आहो. तमिळनाडूतील दिंडीगुल हे गाव हातांनी घडविलेल्या लोखंडी आणि पितळी कुलपांसाठी प्रसिद्ध असून २०१९ मध्ये दिंडीगुलच्या कुलपांना भौगोलिक चिन्हांकन मिळाले. आंब्याच्या आकाराची आणि किल्ली फिरविताना घंटा वाजविणारी कुलपे तेथील कारागिरांनी घडविली. आपल्याकडे मुंबईस लालबागेत १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला. वकिली सोडून आलेल्या या तरुणाने मुंबईतील घरफोड्यांच्या बातम्या वाचून हा उद्योग निवडला, असे सांगतात.

चांगल्या कुलपात काय असते, हे थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे आहे. कुलपाच्या पोटात धातूच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांनाच आपण लिव्हर म्हणतो. किल्लीचा प्रत्येक दाता एकेका पट्टीला ठराविक उंचीपर्यंत उचलतो. पट्टी थोडी कमी उचलली किंवा थोडी अधिक उचलली, तरी अडसर हलत नाही. ही युक्ती रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ मध्ये शोधून काढली. पट्ट्या जितक्या अधिक, तितके ते कुलूप खोट्या किल्लीने उघडणे अवघड. म्हणून चार लिव्हरच्या कुलपापेक्षा सात लिव्हरचे कुलूप अधिक विश्वासाचे.

परंतु हे सारे जाणून घेतल्यावर एक अप्रिय सत्यही जाणून घेतले पाहिजे. घरफोड्या कुलपाशी बुद्धिबळ खेळत बसत नाही. तो कटावणी घेतो आणि कोयंडा उपटतो. सात लिव्हरचे भारी कुलूप अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर लटकत असेल, तर त्या दाराचे बळ चार स्क्रूंएवढेच असते. म्हणून कुलपावर खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी सुताराकडून तपासून घ्याव्यात. कोयंडा दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टांनी बसविलेला असावा आणि बोल्टाची चाकी आतल्या बाजूस असावी. बिजागऱ्या आतल्या अंगाला असाव्यात. चौकट भिंतीत पक्की धरलेली असावी. चेन्नईच्या दमट हवेत लाकूड फुगते आणि वाळवीही लागते, म्हणून दर वर्षी पावसाळ्यानंतर चौकटीवर बोटाने ठोकून पाहावे. शक्य असल्यास बाहेर लटकणाऱ्या कुलपाऐवजी दाराच्या जाडीतच बसणारे कुलूप घ्यावे. त्याचा दुहेरी लाभ असा की ते मजबूत तर असतेच, शिवाय घरात कोणी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. बाहेर लटकणारे कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असते की घरात कोणीही नाही.

कोलम सांगते ते

येथेच आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. चोर प्रथम कुलूप पाहत नाही. तो घराची जाग पाहतो.

तमिळ घराच्या उंबऱ्यापुढे रोज पहाटे सडा टाकून तांदळाच्या पिठीची रांगोळी काढतात. तिला कोलम म्हणतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तर गल्लीच्या गल्ली मोठमोठ्या कोलमांनी भरून जाते. दारापुढे कोलम नसेल, तर घरात दुखवटा आहे किंवा घरात कोणी नाही, असा अर्थ शेजारीपाजारी घेतात. तोच अर्थ चोरही घेतो. तीन दिवसांपूर्वीचे, पायांनी पुसट झालेले कोलम हे बंद कुलपाहूनही अधिक स्पष्ट बोलते.

कोलमासारखी घराची जाग सांगणारी चिन्हे आणखी आहेत. दारात साचलेली वर्तमानपत्रे, दुधाच्या पिशव्या, जाळीत खोचलेली आणि कोणी न काढलेली जाहिरातीची पत्रके, दोरीवर चार दिवस वाळणारा एकच टॉवेल, भर दुपारी जळणारा ओसरीवरचा दिवा. दिवा रात्री लावून ठेवावा हे खरे, पण तो दिवसाही जळत राहिला तर उलट चहाडी करतो. ठरावीक वेळी लागणारे आणि विझणारे घड्याळी बटण बाजारात मिळते. ते बैठकीच्या खोलीतील दिव्याला लावावे.

अलीकडे एक नवे चिन्ह आपण स्वतःच्या हातांनी निर्माण करतो. प्रवासाला निघताना स्टेशनावर काढलेले कुटुंबाचे छायाचित्र फोनवरून शेकडो परिचितांना आणि त्यांच्या अपरिचित मित्रांना पाठवितो. छायाचित्रे अवश्य काढावीत. मात्र ती घरी परतल्यावर दाखवावीत. लग्नघरांनी तर अधिक सावध राहावे. मुहूर्ताची तारीख, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता निमंत्रणपत्रिकेत छापलेला असतो. त्या वेळी सारे घर कार्यालयात असणार, हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा वेळी एखाद्या विश्वासू माणसाला घरी ठेवावे.

आणि काही वेळा घर सोडणे आपल्या हाती नसते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ च्या 'मिचाँग' चक्रीवादळात चेन्नईतील असंख्य कुटुंबांना पाण्यामुळे अकस्मात घर सोडावे लागले. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत येतो. सखल भागात राहणाऱ्यांनी त्यापूर्वीच महत्त्वाचे कागद आणि दागिने एका जलरोधक पिशवीत एकत्र ठेवावेत, म्हणजे जीव वाचविण्याच्या घाईत ते मागे राहत नाहीत.

शेजार हीच खरी राखण

घराची जाग आपल्या मागे कोण ठेवणार? याचे उत्तर एकच आहे, शेजारी. चार दिवस गावी जावयाचे असेल तर दूध आणि वर्तमानपत्र बंद करावे, आणि शेजारणीला किंवा कामाच्या बाईंना सांगावे की आमच्याही दारापुढे रोज एक लहानसे कोलम काढा. दोन मिनिटांचे हे काम पाचशे रुपयांच्या कुलपाहून अधिक राखण करते. आपल्या परत येण्याची तारीख आणि फोन क्रमांक त्यांच्यापाशी द्यावा. ते गावी जातील तेव्हा आपण त्यांच्यासाठी तेवढेच करावे. भाषा निराळी म्हणून संकोच बाळगू नये. ज्यांच्याशी आपण कधी बोललोच नाही, त्या शेजाऱ्यांनी आपल्या दाराशी उभ्या असलेल्या परक्या माणसाला हटकावे, ही अपेक्षा करता येत नाही. घरातला कोण आणि परका कोण, हेच त्यांना ठाऊक नसते.

पोलीस ठाण्यासही कळवावे. घर काही दिवस बंद राहणार असल्याचे स्थानिक ठाण्यात नोंदविले, तर गस्तीवरील शिपायांना त्या घरावर लक्ष ठेवता येते. येथे एक लहानसा तपशील उपयोगाचा आहे. १ जानेवारी २०२२ पासून तांबरम आणि आवडी ही स्वतंत्र पोलीस आयुक्तालये झाली आहेत. तेव्हा आपले घर कोणत्या ठाण्याच्या आणि कोणत्या आयुक्तालयाच्या हद्दीत येते, हे आधीच विचारून ठेवावे.

चेन्नई पोलिसांनी २०१७ नंतर 'तिसरा डोळा' या नावाने रस्त्यारस्त्यांवर कॅमेरे बसविण्याची मोठी मोहीम चालविली आणि नागरिकांनाही तिच्यात सहभागी करून घेतले. आपल्या इमारतीत कॅमेरा बसविताना तो येणाऱ्याचा चेहरा दिसेल इतक्या खाली, पण हात पोहोचणार नाही इतक्या वर असावा. त्याचे घड्याळ बरोबर असावे, आणि चित्रण ज्या पेटीत साठते ती दर्शनी जागी नसावी. नाहीतर चोर चोरीबरोबर पुरावाही घेऊन जातो. मात्र कॅमेरा पाहतो, अडवीत नाही. अडविण्याचे काम दाराचे आणि माणसांचे.

सोने कोठे ठेवावे

चेन्नईत सोने 'पवन' या मापाने मोजतात; एक पवन म्हणजे ८ ग्रॅम. येथील वर्तमानपत्रांत चोरीच्या बातम्या इतक्या पवनांचे दागिने गेले, अशाच येतात. यावरून चोर कशासाठी येतो, हे स्पष्ट होते. लोखंडी कपाटाची किल्ली साड्यांच्या घडीखाली आणि रोकड तांदळाच्या डब्यात, ही आपली गुप्त स्थाने पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत. रोज अंगावर असणारे दागिने वगळता बाकीचे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे श्रेयस्कर.

परंतु लॉकर म्हणजे विमा नव्हे, हेही समजून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, घरफोडी, आग अथवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपटींपर्यंत असते. वर्षाचे भाडे ३,००० रुपये असेल तर ही मर्यादा ३ लाख रुपये झाली. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तींत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तेवढेही दायित्व नाही. दागिने त्याहून मोलाचे असतील तर स्वतंत्र विम्याचा विचार करावा. प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र, वजन आणि पावती जपून ठेवावी. चोरीचा माल सापडला तरी तो आपलाच आहे हे न्यायालयापुढे दाखवावे लागते. त्या वेळी 'आजीच्या गोठ होत्या' एवढे सांगून भागत नाही.

संशयाचे भान

घरफोडीत दागिने जातात, ते कष्टाने पुन्हा मिळविता येतात. पण तिच्या मागोमाग आणखी एक चोरी होते, तिची भरपाई होत नाही. ती म्हणजे निरपराध माणसाच्या नावाची. चोरी कळताच पहिले नाव उच्चारले जाते ते धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे, रखवालदाराचे किंवा परप्रांतीय मजुराचे. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण अशाच प्रसंगांतून आली असावी. एका पोकळ शब्दाने बाईंची चार घरची कामे सुटतात, मुलांना आळीत मान वर करून फिरता येत नाही, आणि खरा चोर मात्र निवांत असतो.

आपल्या देशाने हा अन्याय कायद्यानेही करून पाहिला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने समाजांचे समाज जन्मानेच चोर ठरविले. मद्रास प्रांताने तो १९४७ मध्ये आणि सबंध भारताने १९५२ मध्ये रद्द केला. कायदा गेला, तरी मनातील तो शिक्का पुसण्याचे काम आपल्या प्रत्येकाकडे उरले आहे.

संशय आणि पुरावा यांतील अंतर दाखविणारी एक जुनी घटना आहे. १८९७ मध्ये बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि पैसे चोरीस गेले. मळ्यातील मजूर, स्वयंपाकी, आसपास फिरणारी काबुली टोळी असा अनेकांवर संशय गेला. पण एका बंगाली पंचांगावर अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. कलकत्त्यात त्याच वर्षी स्थापन झालेल्या बोटांच्या ठशांच्या कार्यालयाने तो पूर्वी शिक्षा झालेल्या एका माणसाचा असल्याचे दाखवून दिले. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरविले. खुनाचा पुरावा पुरेसा नाही म्हणून त्या आरोपातून सोडले. एका ठशाने चोर सापडला, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे बाकीचे सारे सुटले.

चेन्नईच्या परिसरातही असे घडले आहे. ९ जानेवारी २००५ रोजी तिरुवल्लूर जिल्ह्यातील थानाकुळम येथे आमदार के. सुदर्शनम यांच्या घरात दरोडेखोर शिरले आणि त्यांनी आमदारांची गोळी घालून हत्या केली. महामार्गालगतच्या एकाकी घरांवर धाड घालणाऱ्या या टोळीचा माग एस. आर. जांगिड यांच्या नेतृत्वाखालील विशेष पोलीस पथकाने उत्तर भारतापर्यंत काढला. त्या तपासातही बोटांच्या ठशांचा मोठा वाटा होता. कुजबुजीतून नव्हे, तर अशा चिकाटीच्या कामातून गुन्हेगार सापडतात.

चोरी झालीच तर

गावाहून परतल्यावर दार उघडे किंवा कोयंडा तुटलेला दिसला, तर आत जाऊ नये. चोर अजून आत असू शकतो. शेजाऱ्यांकडे जाऊन ११२ क्रमांकावर फोन करावा. रात्री घरात चाहूल लागली तर दिवे लावावेत, आरडाओरड करावी, खोलीचे दार आतून लावून घ्यावे. समोरासमोर जाऊन झुंज देऊ नये. आत्मसंरक्षणाचा हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे, परंतु कोणत्याही दागिन्यापेक्षा प्राण मोलाचा.

पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नये. उघडलेले कपाट पाहून काय गेले हे शोधण्याचा मोह अनावर होतो, आणि त्या उचकापाचकीतच चोराचे ठसे पुसले जातात. घर झाडून काढणे तर सर्वथा टाळावे. तक्रार नोंदविल्यावर प्रथम खबरी अहवालाची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळण्याचा फिर्यादीचा हक्क आहे. विम्यासाठीही ती लागते. कोणावर संशय आहे का, असे अधिकाऱ्यांनी विचारले तर डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगावे. सूर्यास्तानंतर घर फोडून चोरी करणाऱ्यास चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. इतक्या गंभीर आरोपाकडे बोट दाखविताना जिभेवर ताबा हवा.

वाचकहो, येत्या रविवारी एक तास काढा. घराबाहेर उभे राहून आपल्याच घराकडे परक्याच्या नजरेने पाहा. कोयंड्याचे स्क्रू, न्हाणीघराची खिडकी, जाळीच्या दाराची कडी आणि मागील दार तपासा. दागिन्यांची यादी करून ती घराबाहेर विश्वासाच्या जागी ठेवा. आणि संध्याकाळी शेजारच्या घरी जाऊन चार शब्द बोलून या. घराची राखण कुलपापासून सुरू होत असली तरी ती पूर्ण होते माणसांच्या जागेपणाने. बैल गोठ्यात आहे तोवरच झोपा लावून घ्यावा.